वावरातून बाजारापर्यंत: विदर्भातल्या शेतमाल वाहतुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात, हैदराबाद रोडपासून थोडं आत, एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्रावर गाड्या लावायचं काम मी करतो. दसऱ्यापासून होळीपर्यंत फोन थांबत नाही आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. तोंडी सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लॉजिस्टिक्स लॉजिस्टिक्स म्हणतात, ते म्हणजे ट्रान्सपोर्टच ना?

ट्रान्सपोर्ट हा त्यातला एक तुकडा. तुमचा कापूस जिनिंगला जातो, तिथे रुई आणि सरकी वेगळी होते, रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते आणि ती सूतगिरणीला रवाना होते. या सगळ्यात गाडी जितका वेळ चालते त्याच्या कितीतरी पट वेळ माल कुठेतरी पडून असतो: घरात, रांगेत, गोदामात. भरणं, उतरवणं, मोजणं, झाकणं, कागद करणं, राखण, आणि अडकलेल्या पैशावरचं व्याज, हे सगळं मिळून लॉजिस्टिक्स. भाड्याची पावती हातात येते म्हणून तेवढंच टोचतं. बाकीचं चुकाऱ्यातून गुपचूप कापलं जातं.

२. विदर्भ देशाच्या मधोमध आहे, नागपूरला झिरो माईल आहे. मग आपल्याला वाहतूक स्वस्त पडायला नको का?

मधोमध असण्याचा फायदा माल वाटणाऱ्याला होतो, पिकवणाऱ्याला नाही. श्रीनगर-कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतेकडून ओडिशाकडे जाणारा ५३ नागपुरात एकमेकांना भेटतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, आणि प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवण्याची कंपन्यांची गरज कमी झाली. एकाच ठिकाणाहून चारही दिशांना साबण-बिस्किटं पाठवायची तर नागपूर सोयीचं. पण कापूस, सोयाबीन, संत्रं बाहेर काढायचं तर मधोमध म्हणजे प्रत्येक बंदरापासून लांब. मुंबई समृद्धी महामार्गानेसुद्धा नागपूरहून ७०१ किलोमीटर आहे.

दुसरं कारण आमच्या वणी-घुग्घुस पट्ट्यात रोज दिसतं. इथल्या ट्रकवाल्याला कोळसा आणि सिमेंट बारा महिने मिळतं. शेतमाल मिळतो तीन-चार महिने, तोही सगळ्यांचा एकदम. कोळशाची लागलेली खेप सोडून तो तुमच्या गावात कशाला येईल? येतो तेव्हा वरचे पैसे मागतो, आणि त्याचं फारसं चुकतही नाही.

तिसरं, वापसी भाडं. गावात येताना गाडी रिकामी येते. ती रिकामी फेरी तुमच्याच भाड्यात असते, नावानिशी लिहिलेली नसते एवढंच. आमच्या केंद्रावर बियाणं, खत आणि ढेपेच्या गाड्या येणार त्या दिवशीच आम्ही माल पाठवायचा घाट घालतो. दर वेळी जुळत नाही. जुळलं की फरक लगेच कळतो.

३. देशाचा लॉजिस्टिक्स खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे असं वाचलं. आता ८ टक्के म्हणतात. एवढा कमी कसा झाला?

तेवढा कमी झाला नाही, मोजायची पद्धत बदलली. १३-१४ टक्के हा आकडा वर्षानुवर्षं भाषणांतून फिरत होता, त्यामागे पक्की मोजणी नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या सरकारी अहवालाने २०२१-२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के असा अंदाज दिला. पुढे २०२३-२४ साठी ७.९७ टक्के असा आकडा आला. जागतिक बँकेच्या २०२३ च्या लॉजिस्टिक्स क्रमवारीत भारत १३९ देशांत ३८ वा होता.

पण हे देशाचं सरासरी गणित. त्यात महामार्गावरची कंटेनरगाडी आणि नाल्यात फसलेला ट्रॅक्टर एकाच तागडीत बसतात. तुमच्या वावराचा हिशोब त्यातून निघत नाही. तो प्रश्न ४ मध्ये आहे.

४. जिनिंग वीस-बावीस किलोमीटरवर आहे. तरी एवढे पैसे जातात कुठे?

पहिल्या दीड-दोन किलोमीटरमध्ये. मला या सगळ्या पानात एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच.

गेल्या हंगामातलं एक वावर सांगतो. तीस क्विंटलच्या आसपास कापूस, पक्क्या रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. मधे एक नाला, त्यावर नुसते पाइप टाकलेले, आणि डिसेंबर लागला तरी पांदणीत, म्हणजे वावराच्या वाटेत, चिखल, कारण वरच्या बाजूला गव्हाला पाणी सुरू होतं. पिकअपवाल्याने पांदणीच्या तोंडाशी उतरून पायाने माती दाबून पाहिली आणि गाडी वळवून डांबरीवर उभी केली. मग बंडी जुंपली. वावरात गंजीतून कापूस बंडीत भरायचा, डांबरीवर उतरवायचा, पुन्हा पिकअपमध्ये भरायचा. दोन गडी वर चढून पायाने तुडवत होते, दोघं खालून ढकलत होते, आणि सुटलेला कापूस बोरीच्या काट्यांना ओळीने लटकत गेला. पाच खेपा झाल्या, दुपार टळली. संध्याकाळी हिशोब केला तर दीड किलोमीटरचा खर्च पुढच्या बावीस किलोमीटरच्या भाड्याइतकाच आला. काट्यांवर राहिला तो कापूस कोणी मोजलाच नाही.

आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावर टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत खाली जातो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० पासून आहे आणि तिने गावं जोडली, हे खरं. पण ती गावापर्यंत येते, वावरापर्यंत नाही. त्यासाठी राज्य सरकारची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली, रोजगार हमीच्या जोडीने. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात तुमच्या पांदणीचं नाव आहे का, हे ग्रामसभेत विचारा. नाव नसेल तर पुढचं सगळं बोलणं फुकट.

५. पांदण शेजाऱ्याने नांगरून टाकली. गाडी येऊच देत नाही. कुठे जावं?

तहसीलदाराकडे. मात्र कोणत्या कायद्याखाली अर्ज करता हे महत्त्वाचं, कारण दोन वेगळ्या वाटा आहेत. रस्ता आधीपासून वहिवाटीत होता आणि आता अडवला, तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज होतो. तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा. रस्ताच नव्हता आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नवा हवा आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. पुष्कळ जण गावात समेट होईल म्हणून वाट पाहतात आणि सहा महिने निघून जातात. समेटाचे प्रयत्न करा, पण अर्ज देऊन करा.

६. सोयाबीनपेक्षा कापसाला क्विंटलमागे भाडं जास्त का लावतात?

कापूस वजनाआधी जागा खातो. सोयाबीनचे कट्टे भरताना गाडीची वजनमर्यादा आधी संपते. कापूस भरताना डाला भरतो आणि गाडी मात्र अर्धीच लादलेली असते. ट्रकवाला फेरीचे पैसे घेतो, त्यामुळे क्विंटलवर भार वाढतो.

म्हणून जिनिंग कापसाच्या गावांजवळच उभ्या राहिल्या. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण ३४-३५ किलो. ती दाबून गाठ बांधली की तोच ट्रक भरपूर माल घेऊन जातो. ही काही आजची अक्कल नाही. खामगाव, हिंगणघाट, यवतमाळ, अकोट इथल्या जुन्या जिनांच्या चिमण्या तेच सांगतात.

डाल्याबाहेर दोन्ही बाजूंनी पोट काढून भरलेली कापसाची गाडी आपल्याकडे नवी नाही. पण २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर माल बाजूला किंवा ठरलेल्या उंचीवर बाहेर काढला तर २० हजार रुपये दंड आहे, वजन मर्यादेत असलं तरीही. वजनाचा दंड वेगळा, तो प्रश्न ७ मध्ये.

७. ट्रकवाला म्हणतो, चार टन वर टाका, काही होत नाही. टाकावं का?

नाही. १६ जुलै २०१८ ला मर्यादा वाढल्याच आहेत: दोन आसांच्या ट्रकला गाडीसकट एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन, तीन आसांच्या ट्रकला २५ वरून २८.५ टन. त्यावर गेलात तर २० हजार रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला २ हजार. चार टन म्हणजे २८ हजार झाले. शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, असं कायदा सांगतो. रात्री अकरा वाजता महामार्गाच्या कडेला सोयाबीनचे ऐंशी कट्टे उतरवून बसायची कल्पना करून पाहा.

दंड चालकावर लागतो, किंवा ज्याने गाडी चालवायला लावली त्याच्यावर. भाडं ठरवताना "दंड कोणाचा" हे बोलून घ्या. न बोललेला दंड शेवटी तुमच्याकडे येतो.

८. गावच्या काट्यावर एक वजन, जिनिंगच्या काट्यावर दुसरं. खरं कोणतं?

दोन्ही खरी असू शकतात. भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन वेगवेगळ्या वेळी होतं. मधल्या वेळात डिझेल टाकलं, चालक-क्लीनर कधी आत बसले कधी उतरले, ताडपत्री आणि दोर काढून ठेवले, असं होतंच. पन्नास-साठ किलोंचा फरक यातून येतो. क्विंटलांचा फरक आला तर मात्र गाडी तिसऱ्या धरमकाट्यावर न्या. काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, ते वाचा. वजनाची चिठ्ठी हाताने लिहिलेली नको, छापील घ्या. तारीख आणि गाडी नंबर त्यावर पाहिजे.

कटती हा वेगळा विषय. माती, कवडी (किडका, पिवळा कापूस), ओल यांच्या नावाखाली क्विंटलमागे किलो-दोन किलो कापतात. वजनाचं भांडण आणि प्रतीचं भांडण एकत्र करू नका, दोन्ही हरता.

९. गाडी जिनिंगबाहेर दोन दिवस उभी राहिली. हॉल्टिंग (गाडी खोळंबल्याचे पैसे) कोण देणार?

ठरलं असेल तो. ठरलं नसेल तर तुम्हीच.

हे मी स्वतः भोगून सांगतो. एका जिनिंगने आमच्या तीन गाड्या बोलावल्या. पोचलो तर पुढे चाळीस गाड्यांची रांग. पहिली रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा जनरेटर बिघडला. दुसरी रात्रही गेली. डिसेंबरचं दव पडत होतं आणि ताडपत्री होती एक, गाड्या तीन. हमीभावाच्या खरेदीत कापसाचा पूर्ण भाव ८ टक्के ओलीला असतो. १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात, त्यावर घेतच नाहीत. ते जिनिंग खासगी होतं, पण ओलीचं यंत्र तेच. वरच्या थरात यंत्र खुपसलं आणि भाव पडला. हॉल्टिंगचे पैसे ट्रकवाल्याने आमच्याकडून घेतले. जिनिंगने चहा पाजला.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो. गाडी निघण्याआधी रांगेत किती गाड्या आहेत याचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवतो. पहिले २४ तास फुकट, पुढे दिवसाला इतके, हे बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीवर, लिहून घेतो. आणि ताडपत्री गाडीगणिक एक असतेच असते.

१०. शेतकऱ्याला ई-वे बिल लागतं का?

ई-वे बिल म्हणजे मालासोबत ठेवायची जीएसटीची ऑनलाइन वाहतूक-पावती. ती लागते का हे मालावर अवलंबून आहे, आणि गोंधळ इथेच होतो. ताजी संत्री, पोत्यातली तूर, चणा, गहू यांना जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलही नाही. कापूस आणि सोयाबीन मात्र ५ टक्क्यांच्या यादीत आहेत. शेतकऱ्याला नोंदणी करावी लागत नाही. कापसावरचा कर उलट्या पद्धतीने खरेदीदार भरतो.

राज्यातल्या राज्यात मर्यादा १ लाख रुपये आहे, परराज्यात ५० हजार. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये धरला तर १३ क्विंटल कापूस लाखाच्या वर जातो. व्यापाऱ्याने गावात येऊन खेडा खरेदी केली असेल, म्हणजे घेणारा कोण हे गाडी निघतानाच माहीत असेल, तर बिल काढणं नोंदणी असलेल्या त्या व्यापाऱ्याचं काम. तो म्हणेल "तुमच्या नावाने जाऊ द्या". जाऊ देऊ नका. तुम्ही स्वतःचा माल यार्डात हर्राशीला नेत असाल तर सातबारा आणि पीकपेऱ्याची झेरॉक्स गाडीत ठेवा.

बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी रस्त्यात बिघडली तर मुदत वाढवून घ्यावी लागते, ती आपोआप वाढत नाही.

११. ओळखीचा गाडीवाला आहे. बिल्टी नाही घेतली तर चालेल का?

दहा किलोमीटरला चालेल. परजिल्ह्यात, परराज्यात नाही.

बिल्टी म्हणजे माल त्याच्या ताब्यात गेल्याचा पुरावा. रस्त्याने मालवाहतूक कायदा २००७ प्रमाणे माल हरवला किंवा खराब झाला तर नोंदणीकृत वाहतूकदार जबाबदार असतो. पण एक मेख आहे: मालाची जास्त जोखीम ठरवून घेतली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. भाडं १२ हजार असेल तर जास्तीत जास्त १ लाख २० हजार, गाडीत माल ८ लाखांचा असला तरी. तेव्हा किंमत लिहून, थोडं जास्त भाडं देऊन जोखीम वाढवून घ्या, नाहीतर वेगळा माल-विमा काढा. गाडीचा विमा हा गाडीचा असतो, तुमच्या तुरीचा नाही.

नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर शिव्या दिल्या तर ती नोटीस धरत नाहीत.

१२. माझ्याकडे साध्या चारचाकीचं लायसन्स आहे. भाड्याची पिकअप चालवू शकतो का?

हो. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं. त्याआधी अपघात झाला की विमा कंपन्या हाच मुद्दा काढायच्या. गाडीचं एकूण वजन ३ हजार किलोपर्यंत असेल तर परमिटही लागत नाही. म्हणूनच छोटे हत्ती, म्हणजे छोट्या मालगाड्या, गल्लोगल्ली दिसतात. फिटनेस, विमा आणि पीयूसी मात्र लागतंच.

१३. आणि ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याने लावली तर?

सगळे लावतात. पण ट्रॅक्टरची नोंदणी आणि विमा शेतीकामाचा असतो. दुसऱ्याचे पैसे घेऊन त्याची वीट किंवा सोयाबीन वाहताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. वेचणीच्या बायांना ट्रॉलीत बसवून नेणं त्याहून वाईट, कारण ट्रॉलीत माणूस बसतो हे विम्याला मान्यच नाही. दर हंगामात कुठेतरी ट्रॉली उलटते आणि मग गाव वर्गणी काढतं.

१४. समृद्धी महामार्ग आमच्या गावावरून जातो. आम्हाला त्याचा काय फायदा?

गावावरून जातो, पण गावात उतरत नाही. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला. विदर्भात तो नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलडाणा या जिल्ह्यांतून जातो. चढ-उतार फक्त इंटरचेंजवर. दुचाकी आणि ट्रॅक्टरला मनाई. तेव्हा कारंजा किंवा मेहकरच्या इंटरचेंजजवळच्या माणसाला मुंबई एका रात्रीवर आली, आणि दोन इंटरचेंजच्या मधल्या गावाला कुंपण आलं.

लवकर नासणाऱ्या मालाला तो उपयोगी आहे यात शंका नाही. कापूस-सोयाबीनला चार तास वाचून काय फायदा, जर गाडी पुढे दोन दिवस रांगेत उभी राहणार असेल? टोल मात्र त्या चार तासांचा द्यायचा. आमच्या ओळखीचे काही चालक भरलेली गाडी जुन्या रस्त्याने नेतात आणि नासणारा माल असला तरच समृद्धीवर चढतात.

१५. रेल्वेने माल पाठवता येत नाही का? स्वस्त पडेल ना?

लांबच्या पल्ल्याला आणि पूर्ण रेक भरेल एवढ्या मालाला स्वस्त पडतं. दोन ट्रक मालासाठी नाही, कारण दोन्ही टोकांना ट्रक लागतोच आणि हमाली दुप्पट होते.

गंमत अशी की विदर्भातली रेल्वे आलीच मुळी कापसासाठी. मूर्तिजापूर-यवतमाळची ११३ किलोमीटरची शकुंतला रेल्वे किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या काळातली, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीकडे आणि तिथून मँचेस्टरला जावा म्हणून टाकलेली. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरलाच १९२१ मध्ये बनलं होतं आणि १९९४ पर्यंत चाललं. आता गाडी बंद आहे. तिच्या रुळांशेजारून कापसाचे ट्रक जातात. २८४ किलोमीटरच्या वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजपैकी वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. यवतमाळला चांगला मालधक्का झाला तर ढेप, सरकी आणि खताचं गणित बदलेल. कंटेनरने निर्यात करायची असेल तर वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावचा ड्राय पोर्ट (समुद्रापासून लांबचं कंटेनर-बंदर) प्रकल्प लक्षात ठेवा.

किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली-दानापूर अशी सुरू झाली, त्याच वर्षी नागपूरहून दिल्लीला संत्री गेली. फळं-भाज्यांच्या भाड्यावर ५० टक्के अनुदान होतं. अनुदान थांबलं, गाड्याही आटल्या.

१६. संत्र्याचं काय? वरुड-मोर्शीत माल असून भाव का पडतो?

बागेपासून ट्रकपर्यंत संत्रं उन्हात प्लास्टिक क्रेटमध्ये असतं आणि पहिली काही तासांची गरमी काढायला शीतगृह जवळ नसतं. दिल्लीला पोचेपर्यंत खालच्या क्रेटमधलं दबतं. ही झाली वाहतुकीची बाजू. पण बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक. त्यांनी २०१९ पासून आयात शुल्क वाढवत नेलं, २०२३ मध्ये ते किलोला ८८ रुपयांवर गेलं. वरुडच्या रेल्वे स्टेशनचं नावच वरुड ऑरेंज सिटी आहे. स्टेशन आहे, माल आहे, पण ढाक्याचा व्यापारी त्या भावाला घेत नाही. हे चांगल्या रस्त्याने सुटणारं दुखणं नाही, आणि प्रत्येक दुखण्यावर "शीतसाखळी" हा उतारा सांगणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे.

१७. भाव पडला की माल ठेवावा का? कापूस तर घरातच ठेवतो.

घरातल्या कापसाची किंमत तुम्हाला माहीत आहे: माणसं ओसरीवर, कापूस खोलीत, फेब्रुवारीनंतर पोरांच्या अंगाला खाज आणि चुलीची भीती कायमची. भाव चारशेने वाढला तरी वाळून वजन घटतं, ते वजा करून पाहा.

सोयाबीन, तूर, चणा यांना वाट आहे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. २० क्विंटल सोयाबीन ४,५०० रुपयांनी धरलं तर ९० हजारांचा माल, कर्ज ६७,५००, सहा महिन्यांचं व्याज २,०२५. म्हणजे क्विंटलमागे १०१ रुपये. सावकाराचं दोन महिन्यांचं व्याजही तेवढ्यात भागत नाही. नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती असेल तर बँकाही कर्ज देतात.

अडचण योजनेत नाही, अंतरात आहे. गोदाम तालुक्याला, तुम्ही गावात. वीस कट्ट्यांसाठी फेरी परवडत नाही. चार घरांनी मिळून एक गाडी करा. गावातच गोदाम बांधायचं असेल तर २०२० पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जाला व्याजात ३ टक्के सूट आहे.

१८. कुरिअरवाले म्हणतात तुमच्या पिनकोडला सेवा नाही. सुटे भाग कसे मागवायचे?

पोस्टाने. स्पीड पोस्ट गावच्या शाखा डाकघरापर्यंत येतं. किंवा तालुक्याच्या एखाद्या दुकानदाराचा पत्ता द्या. मोटारीचं बेअरिंग आजच हवं असेल तर एसटीच्या चालकाला सांगा, हे मी इथे लिहायला नको, पण तेच होतं.

१९. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या गावांचं काय?

गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथे नवसंजीवनी योजनेखाली पावसाळ्याचं रेशन आधीच पोचवून ठेवतात. आपणही तेच करायचं: खत आणि बियाणं मृगाआधी गावात, जनावरांची ढेपही. जुलैमध्ये गाडीला दुप्पट भाडं देणं हा नियोजनाचा दोष आहे, ट्रकवाल्याचा नाही.

२०. आमच्या ग्रामसभेचा बांबू आहे. त्याला वनखात्याचा परवाना लागतो का?

हा प्रश्न गडचिरोली-चंद्रपूरहून येतो आणि त्याला सरसकट उत्तर नाही. वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक हक्क मिळालेला असेल तर वाहतूक पास ग्रामसभा देऊ शकते. मेंढा-लेखा गावाला हा अधिकार २७ एप्रिल २०११ ला मिळाला, देशात पहिल्यांदा. सामूहिक हक्क नसेल तर जंगलातल्या बांबूला खात्याचा पास लागतो. शेतातल्या बांबूचं वेगळं: २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू "झाड" या व्याख्येतून काढला. सागाला ही सूट नाही, तो धुऱ्यावरचा असला तरी. ट्रक नाक्यावर अडतो तेव्हा हा फरक नाकेदाराला समजावत बसावं लागतं, म्हणून हक्काच्या दाव्याची प्रत आणि ग्रामसभेचा ठराव चालकाकडे असू द्या.

२१. पोरगा गाडी घ्यायची म्हणतो. घेऊ द्यावी का?

दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. नुसत्या शेतमालावर हप्ता फिटत नाही, कारण प्रश्न २ मध्ये दिलं आहे. दुधाचे कॅन, किराणा दुकानाचा माल, शाळेचा पोषण आहार, असं बारमाही काम आधी हातात असेल तर छोटी पिकअप चालते. स्वतः चालवणार असेल तर आणखी बरी. चालक ठेवायचा तर मिळणं कठीण झालं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीचं झालं, ते बरंच झालं. पण चाळीस गाड्यांच्या रांगेत दोन रात्री काढणाऱ्याला संडास कुठे, याचा नियम अजून कोणी केलेला नाही. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला चालकांनी दोन दिवस गाड्या उभ्या केल्या तर नागपुरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या.

पोराला आधी एक हंगाम दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून पाठवा. होळीला परत आला की त्यालाच विचारा.